तारकर्लीला लग्न, सत्तर पाहुणे आणि मधला मोकळा वेळ: कोणाला कुठे न्यायचं

दादा, तुमचा प्रश्न वाचला. बहिणीचं लग्न फेब्रुवारीत तारकर्लीला, पाहुणे साधारण सत्तर, निम्मे नागपूर-अमरावतीकडचे आणि निम्मे पुण्याचे, शनिवारी सकाळी पोचणार, संध्याकाळी हळद, रविवारी दुपारच्या आत लग्न, सोमवारी रात्री कुडाळहून परतीची गाडी. आणि तुम्हाला 'बघण्यासारख्या सगळ्या जागांची यादी' हवीय. यादी नेटवर ढिगाने मिळेल, ती मी पुन्हा टाइप करत बसत नाही. मालवणात माझा गाड्यांचा धंदा आहे, घरच्या खोल्याही देतो, आणि लग्नसराईत निम्मं काम पाहुण्यांना इकडून तिकडे नेण्याचंच असतं. त्यावरून सांगतो, तुमची खरी अडचण जागांची नाहीच. वेळ तुकड्या-तुकड्यात मिळणार, माणसं तीन पिढ्यांची, आणि समुद्र तुमच्या पत्रिकेप्रमाणे चालत नाही, ही अडचण आहे.

आधी मोकळा वेळ मोजून बघा. शनिवारी लोक रात्रभर प्रवास करून आलेले, सकाळी आठ-नऊला हजर, आणि रिसॉर्टवाला म्हणणार खोल्या बारानंतर. हे तीन-चार तास सगळ्यात घातक, याच वेळात मावश्या-काकवा वैतागतात आणि मग ते लग्नभर पुरतं. दुपारी जेवून झोप, चारनंतर हळदीची गडबड. रविवारी लग्न, जेवणावळ, पाठवणी, त्यानंतर संध्याकाळी दोन-अडीच तास मोकळे. खरा फिरायचा दिवस म्हणजे सोमवार, तोही दुपारी तीनपर्यंतच. म्हणजे हातात एक लांब तुकडा आणि दोन लहान. यात विजयदुर्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला, सगळं कोंबायला गेलात तर पाहुण्यांना गाडीच्या खिडकीशिवाय काही दिसणार नाही.

सगळ्यात आधी एक चेक करा, आजच करा. फेब्रुवारीत आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा असते. तिची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. त्या दीड दिवसात लाखो माणसं येतात, मुंबईहून जादा रेल्वेगाड्या सोडतात, मालवण, कणकवली, कुडाळ, कुठेच गाडी आणि खोली मिळत नाही, मिळाली तर भाव विचारू नका. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या शंकराच्या देवळाला तसंच. तुमची तारीख या दोन्हींच्या आसपास असेल तर रेल्वेची तिकिटं आणि गाड्या आत्ताच पक्क्या करा, आणि त्या दिवशी मसुरे-आचरा बाजूला, म्हणजे जत्रेच्या वाटेवर, कोणाला पाठवू नका, तासन्‌तास अडकतील. उलट कोणाला जत्राच बघायची हौस असेल तर असा योग परत येणार नाही, पण त्यांनी लग्नाच्या वेळेत परत येण्याची आशा ठेवू नका.

आता शनिवारची सकाळ. कुडाळ स्टेशनवरून मालवणला येताना धामापूर-चौके रस्ता घ्यायला सांगा. वाटेत धामापूरचा तलाव लागतो, रस्त्याला लागूनच, त्यासाठी वेगळी वाट वाकडी करायला लागत नाही. १५३० साली नागेश देसाई यांनी बांधलेला हा तलाव, विजयनगरच्या काळातला, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळालाय. काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, चारी बाजूंनी गर्द झाडी. रात्रभर गाडीत आखडलेल्या माणसाला तिथे पंधरा मिनिटं बसवलं की चेहरे बदलतात. मी नाश्ता स्टेशनबाहेर कधीच देत नाही, चौक्याच्या आसपास आधी सांगून ठेवतो, घावणे, चटणी आणि चहा. या दोन गोष्टींत दीड-दोन तास सहज जातात आणि चेक-इनची कटकट बरीचशी तिथेच मिटते. स्टेशनजवळच वेळ काढायचा असेल तर वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, तेही तळ्याकाठी आणि फार सुंदर, पण शनिवारी दोन्ही नको. सामान गाडीत, लहान पोरं कुरकुरतायत, एकच पुरे.

पुढे काही ठरवण्याआधी भरती-ओहोटी समजून घ्या, कारण इथलं सगळं तिच्यावर. सोपा हिशेब आहे आणि त्याला ॲप लागत नाही, पत्रिकेवर तिथी छापलेली असतेच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार, दशमी असेल तर साडेसात. वद्य पक्षातही परत एकपासूनच मोजायचं. त्याच्या सहा तास आधी-नंतर पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने वगैरे पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण बेत आखायला पुरतं. नेमकी वेळ बोटवाला सांगेलच. याचा उपयोग काय, तर तारकर्लीच्या पुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमावर ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा आहे, तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. भरतीला गेलात तर गुडघा-मांडीभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचे आणि परत यायचं. म्हणजे पंचमीच्या आसपास असाल तर सकाळी दहाला जा, मस्त. दशमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी दीडला येते, त्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना वाळूवर उभं करू नका, सरळ रद्द करा.

सिंधुदुर्ग किल्ला. प्रत्येकाला बघायचाच असतो आणि बघायलाच पाहिजे. महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये कुरटे बेटावर पाया घातला आणि तीन वर्षांत किल्ला उभा केला, तट सुमारे तीन किलोमीटर, पायात शिसं ओतलेलं. बोट अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय, पहिल्यांदा येणाऱ्याला बोटीतूनच विचारा 'दरवाजा दाखव बघू', पोरं हमखास चुकतात. आत दरवाजाजवळ छोट्या घुमट्यांमध्ये महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर आहे जिथे महाराजांची मूर्ती दाढीशिवाय, नावाड्याच्या वेशात आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारट समुद्र असताना. गाइड घ्या, नाहीतर लोक आत जाऊन लिंबू सरबत पिऊन परत येतात.

पण अट अशी की बोट तुम्हाला आत साधारण तासभरच देते, आणि शनिवार-रविवारी मालवण जेटीवर रांग लागते. म्हणून किल्ला सोमवारी, सकाळी पहिल्या बोटींना. दुसरं, दोन्हीकडे बोटीत चढता-उतरताना कसरत आहे, बोट हलत असते, किल्ल्याच्या बाजूला दगड शेवाळलेले असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना 'चला हो, काही होत नाही' म्हणून आग्रह करणारे भाचे मी खूप बघितलेत. आग्रह करू नका. अशांना समोरच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी न्या, किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली, दगडावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, आणि किल्ला समोर आख्खा दिसतो. काही जण तर म्हणतात आत जाण्यापेक्षा हेच बरं दिसतं.

तरुण मंडळी स्कूबा स्कूबा करणार, ते गृहीत धरा. फेब्रुवारीत पाणी सहसा स्वच्छ असतं, पोहता यावं लागत नाही, सोबत डायव्हर असतो. तरी काही गोष्टी आधीच ग्रुपवर टाका. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं दुखणं, गरोदरपण, साधी सर्दी जरी असली तरी नाही. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर नाही, आणि लग्नाच्या घरात ही अट सगळ्यात जास्त लोकांना बाद करते. त्याच दिवशी विमान असेल तरी नाही. आणि कृपा करून लग्नाच्या सकाळी तर नकोच, आदल्या दिवशीही नवरीच्या बहिणी-मैत्रिणींनी जाऊ नये, मेंदीची वाट लागते आणि नाक-गाल उन्हाने भाजतात ते फोटोत कायमचं राहतं. स्कूबा फक्त सोमवारी. बोटीत चढताना लाइफ जॅकेट घातलेलं पाहिजे आणि बोटीत माणसं कोंबलेली नसावीत, हे तिथे उभं राहून बघा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. स्वस्त पॅकेजच्या मागे लागून बोटवाल्याशी घासाघीस करणारा तुमचा एखादा काका असेलच, त्याला या कामापासून लांब ठेवा.

सकाळी सातच्या सुमारास डॉल्फिन बघायला बोटी सुटतात, देवबागहून. दिसतात, पण नेहमी नाही, आणि दिसले की चार-पाच बोटी एकदम त्यांच्यामागे लागतात ते मला स्वतःला आवडत नाही. त्यापेक्षा त्याच फेरीत भोगवे किनारा आणि निवती बाजूचे खडक दाखवतात ते छान आहे. बनाना राइड, जेट स्की वगैरे ज्याची त्याची हौस, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आता जे कोणी विचारत नाही ते. तुमच्याकडचे निम्मे लोक विदर्भातले म्हणालात, त्यातल्या कितीतरी जणांनी समुद्र पहिल्यांदाच बघायचा असेल. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे नुसता किनारा. याला वेळ द्या, ठरवून द्या. आम्हा इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही म्हणून आम्ही गाडी तिथून पुढे दामटतो, पण सत्तरीची बाई चपला हातात घेऊन पहिल्या लाटेला पाय लावते, मग वाकून पाणी डोळ्यांना लावते, मग जिभेला लावून बघते आणि 'खरंच खारं हाय वं' म्हणते, त्यापुढे कुठलं पॅकेज टिकणार? शनिवारी हळदीच्या आधी अर्धा तास आणि रविवारी पाठवणीनंतर सूर्यास्ताला, तारकर्लीच्याच वाळूत. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या पुढे मागे बुडतो, सहाला तिथे असा.

पण इथेच धोकाही आहे. नदी-तलावात पोहलेल्या माणसाला वाटतं मला पोहता येतं. समुद्राचं पाणी परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जातं, ओढ लागते, आणि माणूस घाबरून किनाऱ्याकडे सरळ हातपाय मारत दमतो. साधा नियम करा: गुडघ्याच्या वर पाणी नको, ओहोटी लागलेली असताना पोहायला नको, अंधार पडल्यावर कोणीच नको, प्यायलेल्याने तर पाण्याजवळसुद्धा नको. संगमाच्या बाजूला नदी समुद्राला मिळते तिथे प्रवाह फसवा असतो, तिथे बोटीशिवाय पाण्यात उतरायचंच नाही. लाइफगार्डने शिट्टी मारली तर भांडू नका. घरातल्या दोन जबाबदार पोरांना वेळ वाटून द्या, एकाने एका वेळी नुसतं पाण्याकडे बघत उभं राहायचं, मोबाइल खिशात.

पहाटे किनाऱ्यावर चक्कर मारलीत तर नशिबाने रापण बघायला मिळेल. होडीने समुद्रात लांबवर अर्धगोल जाळं टाकतात आणि मग त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन्हीकडे रांगेत उभे राहून ओढतात, बराच वेळ, ताल धरून. हात लावायला गेलात तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, फक्त मध्ये उभं राहून रिल काढू नका. जाळं जवळ आलं की आधी पाणी थडथडायला लागतं, मग चांदी दिसते, मग सगळी वस्ती टोपल्या घेऊन गोळा होते. हे पैसे देऊन बुक करता येत नाही, मासा आला तर रापण. आदल्या संध्याकाळी तारकर्लीतल्या कोणाही रापणकराला विचारून ठेवा, अंदाज देतील. मालवण बंदरावर संध्याकाळकडे बोटी लागल्यावर मासळीचा लिलाव असतो, तोही बघण्यासारखा, वास सहन होत असेल तर.

शनिवारी रात्रीबद्दल माझं एक मत आहे, पटलं तर बघा. हळदीनंतर डीजे लावण्यापेक्षा दशावताराची, म्हणजे इथल्या लोकनाट्याची, मंडळी बोलवा. सगळ्यांना कुठेतरी न्यायचा खटाटोप करण्यापेक्षा इथली एक गोष्टच पाहुण्यांच्या अंगणात आणायची. हार्मोनियम, पखवाज, झांज, एक बाक आणि पडदा, एवढ्यावर युद्ध, स्वर्ग, राजवाडा सगळं उभं करतात. कलाकार सगळे पुरुष, बायकांची कामंही तेच करतात, स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतात, आणि संवाद लिहिलेले नसतात, फक्त कथा ठरलेली, बाकी रंगात आल्यावर जागेवर. रंगायला बसतात तेव्हा पोरांना तिथे नेऊन बसवा, परवानगी विचारून, लहान आरशात बघत भुवया ओढणारा माणूस हळूहळू लक्ष्मी होताना बघणं हा वेगळाच खेळ आहे. दंडार-खडीगंमत ही तिकडची लोकनाट्यं बघत मोठे झालेले तुमच्याकडचे म्हातारे याला डीजेपेक्षा जास्त दाद देतील. मात्र फेब्रुवारीत जत्रांचा हंगाम असल्याने मंडळी आधीच ठरलेली असतात, दोन महिने आधी बोला, आणि दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून साडेसातला सुरू करा, पूर्ण रात्रीचा खेळ न घेता छोटं आख्यान घ्या.

खाण्याचं थोडक्यात. मासे खायची सवय नसलेल्यांना पहिल्याच जेवणात तिखट बांगडा देऊ नका, सुरमई तळलेली द्या, काटा मोठा असतो, भीती मोडते. शाकाहारी लोकांची इथे उपासमार होते हा गैरसमज आहे. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळी, सोलकढी, आणि फेब्रुवारीच्या शेवटी असाल तर ओल्या काजूंची उसळ, महाग पडते पण घ्याच. हापूसची वाट बघू नका, तो वेळेवर एप्रिल-मेलाच, फेब्रुवारीत पेटी दाखवणाऱ्याला हात जोडा. घरी न्यायला मालवणी खाजं, गूळ-आल्याचं, कोकम आणि काजू, मालवण बाजारात सोमवारी सकाळी एक तास काढा.

गाड्या. पन्नास सीटची बस देवबागला नेऊ नका. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, मधे एकच अरुंद रस्ता आणि दोन्हीकडे घरं, समोरून दुसरी बस आली की दोघंही तिथेच. सतरा सीटच्या ट्रॅव्हलर घ्या, पाच लागतील, आणि मुख्य म्हणजे माणसं वयाप्रमाणे वाटता येतात. एक गाडी रिसॉर्टवरच उभी ठेवा, कोणाची औषधं संपतात, कोणाचा ब्लाउज शिवायचा राहिलेला असतो.

तर सोमवार असा बसतो बघा. तरुणांची गाडी सातला डॉल्फिन-भोगवे किंवा स्कूबा, तिथीप्रमाणे त्सुनामी आयलंड. कुटुंबवाल्यांच्या दोन गाड्या पहिल्या बोटीने किल्ला आणि मग बाजार. वयस्कर मंडळींची गाडी निवांत नऊला, कर्ली खाडीत बोटीने एक फेरी, तिथे लाटा नसतात, दोन्हीकडे माडाच्या बागा, उतरायलाही सोपं, आणि मग मोरयाचा धोंडा. त्यांच्यातल्या कोणाला देवदर्शनच हवं असेल तर कुणकेश्वर, समुद्राला लागून आहे आणि मस्त आहे, पण जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, मग बाकी काही नाही. दोन वाजेपर्यंत सगळे जेवायला परत, तीनला सामान गाडीत. गाडी रात्रीची आहे ना, मग वाटेत कुडाळजवळ पिंगुळीला थांबा, ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची कला तिथे जपलीय. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला, त्यांच्या घरच्यांनी गुरांच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय केलंय. सत्तर जण येणार म्हणून आधी कळवा, खेळ दाखवतात. तिथून स्टेशन अगदी जवळ.

शेवटी गोव्याचं विचारलंत. 'एवढं आलोच आहोत तर' म्हणणारे निघतातच. पणजी इथून शंभरेक किलोमीटरच्या पुढे, जाता-येता सहा तास रस्त्यात, सोमवारी परतीच्या गाडीआधी ते बसत नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी मंगळवारची सुट्टी टाकून गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमान पकडावं, आणि तुम्ही त्यांच्या गाडीची जबाबदारी अंगावर घेऊ नका, लग्नघराला तेवढी कामं आहेत. तिथी आणि मुहूर्ताची वेळ इथे टाका, त्सुनामी आयलंडचं जमतंय का ते सांगतो.